घरच्या फाइलींसाठी एक सर्व्हर: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

जुनी ५०० जीबीची पोर्टेबल डिस्क काल रात्रीपासून टकटक आवाज करते आहे. एकेक फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, मधेच डिस्क दिसेनाशी होते आणि आपोआप परत येते. तिच्यावर बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत. बाबा आता नाहीत.

घरच्या फाइली आज चार ठिकाणी विखुरल्या आहेत: ही डिस्क, माझा लॅपटॉप, दादाचा जुना मॅक, आणि आईचा फोन व तिच्या डबीतले पेन ड्राइव्ह. सगळं मिळून साधारण १.४ टीबी. कशाची प्रत कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येणार नाही. रास्पबेरी पाय ४ हा ४ जीबी रॅमचा बोर्ड, म्हणजे एक छोटा संगणकच, कपाटात पडून आहे. ४ टीबीच्या दोन ३.५ इंची डिस्क आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र १२ व्होल्ट अडॅप्टर असलेल्या दोन केस आणल्या आहेत. सर्व्हर त्यातून उभा करायचा आहे. पण आधी ही डिस्क वाचवायची, बाकी सगळं नंतर.

घाईत बोर्डाला फोनचा चार्जर लावला आणि आजारी डिस्क त्याच्याच यूएसबीला जोडली. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये डिस्क दर दोन-तीन मिनिटांनी तुटताना दिसत होती. डिस्क संपली असंच वाटलं. मग बोर्डाची थ्रॉटलची (वेग आपोआप उतरवण्याची) स्थिती विचारली तर उत्तर आलं ०एक्स५०००५. म्हणजे व्होल्टेज याआधीही कमी पडलं होतं, आत्ताही कमी पडतंय, आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेग उतरवला गेलाय. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड ही खूण नोंदवतो. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर एवढीच वीज मिळते, आणि २.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. आधीच दुबळ्या झालेल्या डिस्कला मी अर्धपोटी ठेवून पळवत होते.

डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. तुटणं थांबलं, टकटक थांबली नाही. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांत १९७ क्रमांकाच्या ओळीत ४८ आहे. वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले ४८ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. म्हणजे दुखणं खरंच आहे, वीज हे त्यावरचं दुसरं दुखणं होतं.

डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कवरून फाइली वाचवायचं साधन रात्री साडेनऊला सुरू केलं. दोन नव्या डिस्कपैकी एकीवर प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली जशीच्या तशी प्रत, उतरते आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

साडेअकरा तास लागले. नुसती कॉपी केली असती तर पहिल्या खराब जागेवरच अडकून बसली असती आणि डिस्कला तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटायला लावलं असतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा सगळा भाग काढून घेतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलीत टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. डिस्कचा शेवटचा दम कुठे खर्च करायचा, हे त्याला कळतं. मधे बंद करून पुन्हा सुरू केलं तरी नकाशावरून पुढे जातं.

३१२ केबी वाचता आले नाहीत. ५०० जीबीत हे काहीच नाही. पण ते कोणत्या फाइलींचे, हे कळल्याशिवाय चैन पडेना. डीडीरेस्क्यूमध्येच एक सोय आहे: न वाचलेल्या जागांमध्ये आपल्या पसंतीचा मजकूर भरता येतो. मी प्रतिमेची आणखी एक प्रत काढून तिच्यात एक ओळखीचं वाक्य भरलं, ती प्रतिमा माउंट केली (डिस्कसारखी जोडून उघडली) आणि सगळ्या फाइलींत ते वाक्य शोधलं. दोन फाइली सापडल्या. एक लांबलचक व्हिडिओ, ज्यात दोन-तीन ठिकाणी चित्र फाटतं. आणि एक रेकॉर्डिंग.

बाबांनी मनाने रचलेली झऱ्याकाठच्या खारीची गोष्ट. ६४ केबी गेले आहेत. १२८ केबीपीएसच्या ध्वनीत ६४ केबी म्हणजे चार सेकंद. ऐकून पाहिली. "त्या खारीचं नाव होतं" एवढं म्हणून आवाज जातो आणि पुढे सुरू होतो तो खार झाडावर चढल्यावर. आईला नाव आठवत नाही, मलाही नाही.

बाकीच्या ठिकाणी 'झऱ्या' शब्द घालून शोधलं. लॅपटॉप, मॅक, पेन ड्राइव्ह. कुठेही दुसरी प्रत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर आणला. थ्रॉटलची स्थिती आता शून्य.

बोर्ड बदलावा का, यावर थोडा विचार केला. पाय ३ असता तर बदललाच असता. त्याचं नेटवर्क आणि यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेने जातात, म्हणजे डिस्कवरून वाचायचं आणि तारेवर पाठवायचं दोन्ही एकाच अरुंद दारातून. पाय ४ मध्ये खरं गिगाबिट नेटवर्क आहे आणि दोन यूएसबी ३ पोर्ट वेगळे. पाय ५ ला पीसीआय एक्सप्रेसची वाट आहे, पण आमच्या घरातली तार गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी. एक साधी ३.५ इंची डिस्क तेवढं देतेच. अडथळा तारेवर असताना पलीकडे अधिक वेगवान बोर्ड लावून काही साधणार नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

सर्व्हरसाठीच्या डिस्कवर बॅडब्लॉक्स हे डिस्क तपासायचं साधन लिहिण्याच्या पद्धतीत सुरू केलं आहे. हे डिस्कवरचं सगळं पुसतं, म्हणून प्रतिमा असलेली दुसरी डिस्क केबल काढून कपाटात ठेवली. चुकीचं नाव टाइप होण्याची शक्यताच नको.

हे चार वेगवेगळे नमुने अख्ख्या डिस्कभर लिहितं आणि प्रत्येक वेळी परत वाचून तपासतं. एकूण आठ फेऱ्या. एका फेरीला आठेक तास धरले तर अडीच दिवसांहून जास्त. दादा म्हणाला, "नवी डिस्क आहे, कशाला एवढं?" पण नवी डिस्क बिघडायची असेल तर पुष्कळदा सुरुवातीच्या दिवसांतच बिघडते. ती रिकामी असताना बिघडलेली बरी.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाहिलं तर काम पाच तासांवर अडकलेलं. कर्नलच्या नोंदींत यूएएसचे अबॉर्ट आणि त्यानंतर यूएसबी रीसेट, एकामागून एक. या वेळी वीज ठीक आहे, डिस्कचे स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत. संशय केसमधल्या, डिस्कची साटा जोडणी यूएसबीत बदलणाऱ्या चिपवर. यूएएस ही यूएसबीवरून डिस्कशी बोलण्याची नवी, वेगवान रीत आहे आणि काही चिपना ती नीट झेपत नाही. त्या चिपचा ओळख क्रमांक बोर्ड सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूटच्या ओळीत 'क्वर्क' (अपवाद) म्हणून घातला, म्हणजे तिच्यापुरती जुनी साधी रीत वापरली जाते. वेग थोडा उतरला. नेटवर्कची मर्यादा लक्षात घेता तो फरक घरात कुणाला जाणवणार नाही.

पहिल्यापासून पुन्हा सुरू.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बॅडब्लॉक्स पूर्ण. शून्य चुका, एकही रीसेट नाही. स्मार्टमध्ये खराब सेक्टरांच्या ५, १९७, १९८ तिन्ही ओळी शून्य. १९९ ही ओळही शून्य आहे. ती डिस्कच्या आतल्या दोषाची नसून केबल आणि जोडणीच्या चुकांची असते, हे लक्षात ठेवायला हवं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डेबियन १२ वर आधारलेली रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती बोर्डाच्या मेमरी कार्डावर टाकली. स्क्रीन, कीबोर्ड काही नाही. वापरकर्ता आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) कार्ड लिहितानाच ठरवले.

फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, कोणती यावर बराच घोळ घातला. झेडएफएस आणि बीटीआरएफएस फाइलींच्या मजकुराचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ठेवतात, एखादा बिट गुपचूप बदलला तर सांगतात. एक्स्ट४ फक्त स्वतःच्या हिशेबाच्या नोंदींचे चेकसम ठेवते, आपल्या फोटोंचे नाही. तरीही एक्स्ट४ च घेतली. कारण एकच: उद्या हा बोर्ड जळाला तर डिस्क कोणत्याही लिनक्सला जोडून दादाने ती उघडली पाहिजे, माझ्याशिवाय. चेकसमची उणीव मी शा-२५६ नावाच्या चेकसमांची यादी वेगळी ठेवून भरून काढणार आहे.

एक्स्ट४ मूळ स्वभावाप्रमाणे ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखते. ४ टीबीवर ती २०० जीबी होते. ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या डिस्कवर ते शहाणपणाचं आहे, नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी गरज नाही. १ टक्क्यावर आणली.

माउंटची ओळ एफएसटॅब या यादीत यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, लिहिली, कारण दोन डिस्क लावल्या की नावांची अदलाबदल होऊ शकते. सोबत 'नोफेल' हा पर्याय. ते नसेल तर डिस्क नसताना बोर्ड सुरूच होत नाही, आपत्कालीन अवस्थेत जाऊन बसतो. आणि स्क्रीन नसलेल्या बोर्डावर ते बाहेरून कळतही नाही.

पण 'नोफेल'मुळे दुसरा धोका येतो, तो मुद्दाम घडवून पाहिला. डिस्क काढून बोर्ड सुरू केला आणि माउंटच्या जागी फाइल लिहिली. लिहिली गेली! डिस्कवर नव्हे, कार्डावरच्या रिकाम्या फोल्डरात. नंतर डिस्क लावली की ती फाइल झाकली जाते आणि दिसत नाही. आईने फोनमधले फोटो असे 'सर्व्हरवर' टाकून फोनमधून काढले असते तर? उपाय दोन केले. डिस्क नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर बदल-बंदीची खूण लावली, त्यामुळे आता तिथे रूटलाही लिहिता येत नाही. आणि नेटवर्कवर सगळ्यांना दिसणारा वाटा म्हणून डिस्कचा मुख्य फोल्डर न देता त्याच्या आतला 'भांडार' हा फोल्डर दिला. डिस्क नसेल तर भांडारच नसेल. पुन्हा डिस्क काढून पाहिलं, लिहिणं नाकारलं गेलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सर्व्हरवरचा फोल्डर घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून उघडता यावा म्हणून साम्बा बसवलं. हे काम अँड्रू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलं. फाइलींच्या प्रती जुळवून ठेवणारं आरसिंकही पॉल मॅकेरस यांच्यासोबत त्यांनीच १९९६ मध्ये आणलं. या सर्व्हरवरची दोन सर्वांत महत्त्वाची कामं एकाच माणसाच्या हातची आहेत, हे मला आज कळलं आणि आदर वाटला.

साम्बाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो वेगळा लावावा लागतो. पाहुण्याला बिनपासवर्ड प्रवेश ठेवला नाही. नवे विंडोज असा प्रवेश एरवीही अडवतात.

एक गोष्ट आईसाठी. नेटवर्कवरच्या फोल्डरातून काही काढलं तर ते लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीसं होतं. साम्बाचं रिसायकल मॉड्यूल चालू केलं. आता काढलेली फाइल एका बाजूच्या फोल्डरात जाऊन बसते. आईला ते दाखवलं. "म्हणजे माझ्या हातून काही कायमचं जाणार नाही ना?" असं तिने दोनदा विचारलं.

संध्याकाळी वेग मोजला आणि निराशा झाली. सेकंदाला ११ एमबी. आधी साम्बाच्या सेटिंगमध्ये तासभर शोधलं, जे करायला नको होतं. खालच्या थरापासून तपासायला हवं होतं. आयपर्फ३ ने डिस्क आणि साम्बा दोन्ही बाजूला ठेवून नुसती तार मोजली: ९४ मेगाबिट. हा आकडा दिसला की समजावं, जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जास्तीच्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी दोन्ही टोकं बहुधा न बोलता १०० वर समाधान मानतात आणि सगळं 'चालू' दिसतं. भिंतीमागून गेलेली जुनी केबल बदलली. ९४१ मेगाबिट. मोठा व्हिडिओ सेकंदाला ११० एमबीने उतरतो. हजारो छोट्या फाइली अर्थातच याच्या जवळपासही नाहीत, तिथे वेळ प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात जातो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

चारही ठिकाणांहून सामान आणायला सुरुवात. प्रत्येक ठिकाणाला भांडारात स्वतंत्र फोल्डर, आणि सध्या कशालाही कशात मिसळायचं नाही. एकत्र करण्याचा मोह होतो, पण कोणती फाइल कुठून आली हे एकदा हरवलं की परत मिळत नाही.

वाचवलेल्या प्रतिमेतून उतरवताना आरसिंकने २३ फाइली नाकारल्या: नाव फार लांब. सगळ्या आईच्या. आई फाइलीला नाव देताना पूर्ण हकीकत लिहिते. त्यातलंच एक:

'आत्याच्या घरी सगळे जमलो होतो तेव्हा बाबांनी झऱ्याकाठच्या खारीची गोष्ट मुलांना पहिल्यांदा सांगितली ती'

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ एकके आहे, आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथे एक एकक धरलं जातं. एक्स्ट४ मध्येही मर्यादा २५५ च, पण ती बाइटमध्ये. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. वरच्या नावात अशी ८७ चिन्हं आहेत. त्यांचे २६१ बाइट, मधल्या १३ मोकळ्या जागा, शेवटचं एक्स्टेन्शन ४. एकूण २७८. इंग्रजीत एवढंच लांब नाव आरामात बसलं असतं. मराठीत फाइलीला नाव देणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ८५ चिन्हं येतात.

नावं कापून टाकणं जिवावर आलं. ती नावं हीच त्या फाइलींची माहिती आहे. कधीचं, कुठलं, कोण होतं, सगळं त्यातच. शेवटी फाइलींना छोटी नावं दिली आणि प्रत्येक फोल्डरात 'मूळ नावे' म्हणून एक मजकूर-फाइल ठेवली: डावीकडे छोटं नाव, उजवीकडे आईचं पूर्ण. २३ च्या २३ हाताने केल्या.

२५ फेब्रुवारी, रविवार

दादाचा मॅक जुना आहे, त्याची डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या फाइल सिस्टिमची. त्यावरून आरसिंकने थेट सर्व्हरवर आणलं. आई पाहत बसली होती, ती म्हणाली, "हा फोल्डर दोनदा का दिसतोय?"

'दुसऱ्या सहलीचे फोटो', आणि खाली पुन्हा 'दुसऱ्या सहलीचे फोटो'. एकाच फोल्डरात एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत. एक मी आठवड्यापूर्वी लॅपटॉपवरून चाचणीसाठी टाकला होता, दुसरा आज मॅकवरून आलेला. नावांचे बाइट उघडून पाहिले आणि उलगडलं.

सगळा खेळ 'ऱ'चा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, 'ऱ' हे एक सबंध अक्षर आहे, आणि तेच 'र' अधिक खाली नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं. दोन्ही रूपं समान मानायची असा युनिकोडचाच नियम आहे. एचएफएस प्लस नावं साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवते. विंडोज आणि लिनक्स आपण टाइप केलं तसंच ठेवतात. डोळ्याला दोन्ही 'दुसऱ्या'च दिसतं, एक्स्ट४ मात्र बाइट पाहते आणि तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. आपल्या भाषेत तर हे अक्षर पावलोपावली: दुसऱ्या, तिसऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, वाऱ्यावर. कन्व्हएमव्ही या फाइलींची नावं बदलणाऱ्या साधनाने मॅकचा अख्खा फोल्डर सबंध 'ऱ'च्या रूपात आणला. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं आणि वेगळं सांगितल्यावरच बदलतं, ही त्याची फार चांगली रीत आहे. ६१८ नावं बदलली.

काम संपवून उठले आणि मग लक्षात आलं, तिसरंही एक रूप आहे. 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि पुढे 'य'. दिसायला तेच, अर्ध्या चंद्रकोरीसारखा र. कितीतरी वर्षं अनेक कीबोर्डवर हा र असाच टाइप केला जायचा. आणि हे रूप युनिकोड पहिल्या दोनांच्या समान मानत नाही. कन्व्हएमव्ही त्याला हातही लावणार नाही. शोध घेतला तरी सापडणार नाही.

४ तारखेला मी 'झऱ्या' शोधलं होतं ते फक्त सबंध 'ऱ' घालून.

तिन्ही रूपांनी शोधायची एक छोटी स्क्रिप्ट लिहून चारही फोल्डरांवर चालवली. ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर, 'जुने फोन' नावाच्या फोल्डरात, 'झऱ्याकाठची खार' नावाची फाइल निघाली. न दिसणाऱ्या जोडचिन्हासकट.

आकार वाचवलेल्या फाइलीएवढाच, शेवटच्या बाइटपर्यंत. चेकसम वेगळा. दोन्ही बाइट-बाइट ताडून पाहिल्या तेव्हा फरक फक्त एका सलग पट्ट्यात निघाला, ६५,५३६ बाइटच्या. हीच ती मूळ आणि ही अखंड.

खारीचं नाव चिमी होतं. आईला बोलावून पुन्हा लावली. आम्ही ती पूर्ण ऐकली, सतरा मिनिटं.

२ मार्च, शनिवार

दुहेरी फाइली काढण्याचं काम. मागच्या आठवड्यानंतर एक नियम पक्का केला: नावावरून किंवा तारखेवरून काहीही काढायचं नाही. तारीख नवी ती ठेवावी, या हिशेबाने गेले असते तर वाचवलेली, चार सेकंद गेलेली प्रत राहिली असती आणि चिमीची प्रत गेली असती, कारण पेन ड्राइव्हवरची तारीख जुनी आहे.

शा-२५६ सगळ्या फाइलींचा काढला. रात्रभर चाललं. चेकसम जुळला तरच दुहेरी. आकार सारखा पण चेकसम वेगळा असेल तर ती जोडी हाताने पाहायची. अशा ३१ जोड्या निघाल्या. बहुतेकांत फोटोतली तारखेची माहिती कुठल्याशा अ‍ॅपने बदललेली, दोनांत मात्र एक प्रत खरोखर बिघडलेली होती. १.४ टीबीचे ८९० जीबी उरले.

ही चेकसमची यादी आता भांडाराची कायमची वही आहे.

९ मार्च, शनिवार

बॅकअप. दोन्ही डिस्क रेड १ मध्ये जोडून आरसा करायचा विचार सुरुवातीला होता, तो सोडला. आरसा डिस्क बिघडली तर वाचवतो. पण फाइल चुकून काढली, कुणी खंडणीचं मालवेअर आणलं, तर तो तेच नुकसान त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. त्यात यूएसबीवरून एखादी डिस्क क्षणभर तुटली की जुळवणी पुन्हा. दुकान अखंड चालू ठेवायचं असेल तर आरसा हवा. आमच्या घरी सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तरी चालेल, फाइल जाऊन चालणार नाही.

म्हणून दुसरी डिस्क रोज रात्री आरसिंकने. तिच्यावरची जुनी प्रतिमा आधी माझ्या लॅपटॉपवर हलवली आणि या डिस्कलाही बॅडब्लॉक्समधून काढलं. आरसिंकचा 'लिंक-डेस्ट' हा पर्याय वापरते आहे: रोजच्या तारखेचा फोल्डर पूर्ण दिसतो, पण न बदललेल्या फाइली आदल्या दिवसाच्या हार्ड लिंक (त्याच फाइलीची दुसरी नावं) असतात, जागा फक्त बदललेल्यांना लागते. एक मर्यादा माहीत असावी. तीस दिवसांच्या तीस फोल्डरांत दिसणारी फाइल डिस्कवर प्रत्यक्षात एकदाच आहे. ती जागा खराब झाली तर तीसही गेल्या. त्यामुळे हा इतिहास आहे, तीस प्रती नव्हेत.

स्क्रिप्ट सुरू होताना दोन्ही डिस्कवर माझी एक खुणेची फाइल आहे का ते पाहते. नसेल तर काहीही न करता थांबते आणि मला कळवते. मूळ डिस्क माउंट नसताना रिकाम्या फोल्डराचा 'यशस्वी' बॅकअप मला नको आहे. काम संपलं की बॅकअपची डिस्क अनमाउंट होते. ती साम्बाला दिलेलीच नाही.

तिसरी प्रत घराबाहेर, दादाकडे. त्यासाठी दादानेच त्याच्याकडची २ टीबीची डिस्क दिली. घराबाहेर जाणारी डिस्क लक्स या लिनक्सच्या सोयीने कुलूपबंद करायची ठरवली, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या कूटलेखनाच्या पद्धतीसाठीच्या खास सूचना नाहीत, त्यामुळे नेहमीचं एईएस त्यावर रेंगाळतं. गूगलच्या लोकांनी अशाच प्रोसेसरांसाठी तयार केलेलं अ‍ॅडियंटम लावून पाहिलं, या बोर्डावर वेग जवळपास दुप्पट. तेच ठेवलं. घरातल्या दोन डिस्क बिनकुलपाच्या आहेत, विचार करूनच. घरात चोरीपेक्षा किल्ली हरवण्याची भीती मला जास्त वाटते.

१७ मार्च, रविवार

आज बॅकअपच्या फोल्डरांत एक तारीख दोनदा येऊन आदळली आणि स्क्रिप्टने नकार दिला. रात्री वीज गेली होती. आल्यावर बोर्ड राउटरच्या आधी उठला. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. शेवटी नोंदवून ठेवलेली वेळ धरून तो सुरू होतो आणि नेटवर्क मिळाल्यावरच खरी वेळ घेतो. बॅकअपला 'वेळ जुळल्याशिवाय सुरू होऊ नको' असं सांगितलं. छोट्या यूपीएसचं पाहायला हवं.

३१ मार्च, रविवार

परत मिळवण्याची तालीम. मी काहीही करायचं नाही, प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. दादाकडे फक्त डिस्क, लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि मी लिहिलेला एक कागद. त्याचा लॅपटॉप विंडोजचा, म्हणून पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा.

पहिल्या प्रयत्नात कुलूप उघडलं नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. पासफ्रेजमधला इंग्रजी छोटा एल कागदावर एकच्या आकड्यासारखा छापला गेला होता. मला ते पाठ असल्याने माझ्या हातून कधीच चुकलं नसतं. चौथ्यांदा दादाने स्वतःच ओळखलं. नवी पासफ्रेज आता सहा साध्या शब्दांची आहे, जोडाक्षराचे आणि एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे घोळ नसलेली. कागद दोन, एक दादाकडे आणि एक आईच्या कपाटात. कागदात आणखी दोन गोष्टी राहिल्या होत्या: डिस्क उघडल्यावर ती माउंट करायची ओळ, आणि चेकसमची वही कुठे आहे ते. दादाने पेनने त्यातच लिहिल्या. मग मी तसा नवा छापला.

वहीतून त्याने कुठल्याही २०० फाइली निवडल्या आणि ताडून पाहिल्या. २०० च्या २०० जुळल्या. चिमीची फाइल त्या दोनशेत नव्हती. ती त्याने वेगळी काढून वाजवली.

जुनी ५०० जीबीची डिस्क टाकलेली नाही, खोक्यात तारीख घालून ठेवली आहे. पुढची तालीम ३० जूनला, या वेळी आई करणार आहे.